ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीचे टायर असमान का झिजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्यात गाळप हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात ट्रॉली जवळजवळ रोज रस्त्यावर असते, आणि हंगामाच्या मध्यावर अनेक मालकांना एखादा टायर एकाच बाजूने गोटा झालेला दिसतो. बहुतेक वेळा दोष टायरच्या कंपनीला दिला जातो, नवा टायर चढवला जातो आणि तोही त्याच बाजूने झिजतो. या पानाचा सगळा आग्रह एवढाच आहे की, टायर बदलण्याआधी ट्रॉलीचे मोजमाप घ्यावे, आणि ते रिकाम्या तसेच भरलेल्या अशा दोन्ही स्थितींत घ्यावे.

झीज असमान आहे हे नेमके कसे ठरवावे?

नजरेवर विसंबून राहू नये. नक्षीच्या खाचेची खोली आतल्या कडेला, मध्यभागी आणि बाहेरच्या कडेला अशी तीन जागी मोजावी. त्यानंतर चाक पाव फेरा फिरवून पुन्हा मोजावे आणि असे चार वेळा करावे. खोली मोजण्याचे साधे गेज टायरच्या दुकानात मिळते. तिन्ही जागांच्या आकड्यांत फरक असेल, तर झीज आडव्या दिशेने असमान आहे. एकाच पट्ट्यावर घेराभोवती आकडे बदलत असतील, तर झीज ठिकठिकाणची आहे. या दोन प्रकारांची कारणे अगदी वेगळी आहेत आणि त्यांची गल्लत झाली की दुरुस्तीही चुकीच्या जागी होते. अनेक टायरवर टीडब्ल्यूआय (ट्रेड वेअर इंडिकेटर, म्हणजे झिजेची मर्यादा दाखवणारी) ही खूण असते. तिच्या रेषेत खाचेच्या तळाशी असलेला उंचवटा नक्षीच्या पातळीला आला, म्हणजे टायर वापराबाहेर गेला असे समजावे.

आतली कड मोजण्यासाठी ट्रॉलीखाली वाकावे लागते, म्हणून ती बहुधा मोजलीच जात नाही. प्रत्यक्षात सर्वांत जास्त माहिती त्याच कडेवर असते.

दोन्ही कडा झिजल्या आहेत आणि मधला भाग चांगला आहे. याचा अर्थ काय?

हवा कमी आहे किंवा वजन जास्त आहे. टायरच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी एकच आहेत, कारण दोन्हींत बाजू फुगते, मधला भाग आत दबतो आणि भार कडांवर जातो. टायरच्या बाजूवर कमाल भार आणि त्या भारासाठी लागणारी हवा छापलेली असते, ती वाचावी. ९.००-१६ आणि ७.५०-१६ या मापांच्या टायरमध्येही प्लाय रेटिंगनुसार, म्हणजे टायरच्या ताकदीच्या प्रतीनुसार, हे आकडे बदलतात. त्यामुळे शेजारच्या ट्रॉलीत किती पौंड हवा आहे, हे आपल्या उपयोगाचे नाही.

हवा सकाळी, ट्रॉली हलवण्यापूर्वी, टायर थंड असतानाच तपासावी. दुपारी भरलेली ट्रॉली ओढून आणल्यावर आतला दाब वाढलेला असतो. तो पाहून हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी तोच टायर कमी हवेवर चालतो आणि आणखी तापतो.

मधलाच पट्टा झिजला असेल तर?

भाराच्या मानाने हवा जास्त आहे. ऊस वाहतुकीत हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे, कारण प्रत्येक खेपेचा निम्मा प्रवास रिकामा असतो. कारखान्याकडे जाताना योग्य असलेला दाब परत शेताकडे येताना जास्त ठरतो. टायर मध्यभागावर चालतो आणि ट्रॉली उड्या मारते. प्रत्येक खेपेला हवा कमी-जास्त करणे शक्य नाही आणि तसे करूही नये. दाब भरलेल्या वजनाचाच ठेवावा, मधल्या पट्ट्याची थोडी जास्त झीज मान्य करावी आणि रिकाम्या ट्रॉलीचा वेग मात्र आवरावा.

आतली कड गेली आहे, बाहेरची जवळजवळ नवी आहे. दोष एक्सलचा आहे का?

बहुतेक वेळा होय. ट्रॉलीचा भार पाट्यांच्या (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) जागी, म्हणजे चाकांच्या आतल्या बाजूला, एक्सलवर खाली दाबतो आणि जमीन दोन्ही टोकांना चाकांतून वर ढकलते. भार पेलण्यापलीकडे गेला की एक्सलचा मधला भाग खाली झुकतो, टोके वर उचलली जातात आणि दोन्ही चाकांचे माथे आत कलतात. अशा वेळी टायर आतल्या कडेवर चालू लागतो. हा वाक थोडा असेल, तर ट्रॉली रिकामी झाल्यावर एक्सल पुन्हा सरळ होतो, आणि म्हणूनच गॅरेजमध्ये रिकाम्या ट्रॉलीवर घेतलेल्या मापात दोष सापडत नाही.

तपासणी ओळंब्याने करता येते. ट्रॉली सपाट कोब्यावर उभी करावी, चाकाच्या बाहेर ओळंबा सोडावा आणि दोरीपासून डिस्कच्या (ज्यावर टायर बसतो त्या लोखंडी चाकाच्या) वरच्या काठापर्यंतचे व खालच्या काठापर्यंतचे अंतर मोजावे. वरचे अंतर जास्त असेल, तर चाकाचा माथा आत कललेला आहे. डिस्कच वाकडी असण्याची शक्यता काढून टाकण्यासाठी ट्रॉली चाकाचा अर्धा फेरा होईल इतकी पुढे घेऊन पुन्हा मोजावे. जमिनीच्या उताराचा संशय असेल, तर ट्रॉली उलट तोंड करून त्याच जागी उभी करावी आणि दोन्ही मापांची सरासरी घ्यावी. हेच सगळे माप ऊस भरलेला असतानाही घ्यावे. रिकाम्या स्थितीत चाके सरळ आणि भरल्यावर माथे स्पष्टपणे आत कललेले दिसले, तर एक्सल त्या वजनासाठी कमी पडतो आहे, हे सिद्ध झाले. दोन्ही स्थितींत कल तसाच राहिला, तर एक्सल कायमचा वाकला आहे.

बाहेरची कड झिजलेली असेल, तर याच पद्धतीने उलट कल सापडतो का ते पाहावे. नव्या एक्सलला काही वेळा मुद्दाम थोडा वरचा बाक दिलेला असतो, म्हणजे भार आल्यावर तो सपाट होईल. अशा ट्रॉलीचा रिकामा प्रवास फार झाला, तर बाहेरची कड थोडी जास्त झिजते.

नक्षीवर आडवा हात फिरवला की एका दिशेने गुळगुळीत लागते आणि दुसऱ्या दिशेने धार लागते. हे कशामुळे होते?

हे असमान झिजेचे सर्वांत बोलके लक्षण आहे. धार लागते याचा अर्थ टायर सरळ न लोळता रोज थोडा आडवा घासत आहे. दोन चाके पुढच्या बाजूला एकमेकांकडे वळलेली असतील, तर त्याला टो-इन म्हणतात आणि बाहेर वळलेली असतील, तर टो-आऊट. हात बाहेरून आत नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर आणताना धार लागली, तर टो-इन आहे. याच्या उलट अनुभव आला, तर टो-आऊट आहे. चाक खड्ड्यात किंवा बांधावर जोराने आदळले की एक्सलचे टोक मागे वाकते आणि चाकाचे तोंड बाहेर जाते. त्यामुळे आदळून वाकलेल्या एक्सलवर बहुधा टो-आऊटच मिळतो.

हा दोष डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचा हिशेब मोठा असतो. सुमारे ९०० मिलीमीटर व्यासाच्या दोन चाकांमधील पुढचे आणि मागचे अंतर एकूण ६ मिलीमीटरने वेगळे असेल, तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला ३ मिलीमीटर येतात, म्हणजे तीनशेस एक इतका तिरपेपणा. असा टायर प्रत्येक किलोमीटरला सुमारे ३.३ मीटर आडवा घासला जातो. पंचवीस किलोमीटरच्या एका खेपेत हे अंतर ऐंशी मीटरच्या वर जाते, आणि तेही पूर्ण भाराखाली.

मोजण्यासाठी दोन्ही टायरच्या मध्यरेषेवर, पुढच्या बाजूला, हबच्या (चाकाच्या मधल्या, बेअरिंग असलेल्या भागाच्या) उंचीवर खडूने खूण करावी आणि दोन खुणांमधील अंतर घ्यावे. मग ट्रॉली सरळ पुढे ढकलावी, त्याच खुणा मागच्या बाजूला त्याच उंचीवर आल्या की पुन्हा अंतर घ्यावे. खुणा त्याच असल्यामुळे टायरच्या वेडेवाकडेपणाचा परिणाम मापातून निघून जातो. टेप धरायला दोन माणसे हवीत आणि टेप सैल पडता कामा नये.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगणे आवश्यक आहे. एक्सलचे एकच टोक वाकलेले असले, तरी टोची झीज दोन्ही चाकांत वाटली जाते, कारण ट्रॉली ओढली जात असताना स्वतःला थोडी तिरकी करून घेते आणि घासण्याचे प्रमाण दोन्ही बाजूंना सारखे होते. म्हणून डाव्या टायरला धार आहे, यावरून डावे टोक वाकले आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. कोणते टोक वाकले आहे हे शोधण्यासाठी प्रत्येक चाकाच्या डिस्कला एक सरळ चौकोनी पाइप टेकवून त्याचे पुढचे आणि मागचे टोक चेसीच्या लांब बीमपासून किती अंतरावर आहे, ते पाहावे. कललेल्या चाकाची झीज, म्हणजे मागील प्रश्नातील दोष, अशी वाटली जात नाही. ज्या चाकाचा कल चुकला त्याच चाकाचा टायर जातो.

आमची ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागे तिरकी चालते. टायर त्यामुळेच झिजतात का?

नेहमीच तसे नसते, आणि अनेकांना हे ऐकून आश्चर्य वाटते. एकाच एक्सलची दोनचाकी ट्रॉली असेल आणि तो एक्सल चेसीला काटकोनात नसेल, तर चाके आपल्या दिशेनेच लोळतात आणि ट्रॉलीचे अंग मात्र तिरके होते. अशा ट्रॉलीचे टायर अपेक्षेपेक्षा कमी घासतात. धोका असतो तो अरुंद रस्त्यावर जास्त जागा अडवण्याचा. पुढे चक्रीवर वळणारा आणि मागे स्थिर एक्सल असलेल्या चारचाकी ट्रॉलीतही प्रत्येक एक्सल बऱ्याच अंशी आपली दिशा स्वतः शोधतो.

चित्र बदलते ते दोन स्थिर एक्सल एकमेकांजवळ बसवलेल्या ट्रॉलीत. ते समांतर नसतील, तर दोघांनाही हवी ती दिशा मिळू शकत नाही, आणि दोन्ही जोड्या एकमेकींविरुद्ध ओढल्या जातात. याची खूण स्पष्ट असते: एका एक्सलच्या दोन्ही टायरवर धार एकाच बाजूला, समजा डावीकडे, आणि दुसऱ्या एक्सलच्या दोन्ही टायरवर ती उजवीकडे. ड्रॉबारच्या (ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणाऱ्या दांड्याच्या) पिनच्या मध्यापासून पुढच्या एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतची अंतरे मोजावीत. त्यांत ३ मिलीमीटरपेक्षा जास्त फरक नसावा. त्यानंतर डाव्या बाजूच्या दोन हबच्या मध्यांमधील अंतर आणि उजव्या बाजूचे तेच अंतर पाहावे. येथे फरक आणखी कमी हवा.

फरक सापडला, तर आधी पाट्यांकडे पाहावे. एक्सल पाट्याला घट्ट धरणारे यू-बोल्ट सैल झाले की सगळा जोर पाट्याच्या सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो आणि एक्सल पाट्यावर पुढे-मागे सरकतो. शॅकलचे, म्हणजे पाट्याचे टोक चेसीला जोडणाऱ्या कडीचे, बुश झिजल्यानेही एक्सल असाच सरकतो. यू-बोल्ट नवे बसवल्यावर भरलेल्या ट्रॉलीच्या एक-दोन खेपा झाल्या की ते पुन्हा आवळावेत; हे काम सर्रास विसरले जाते.

जोडएक्सल ट्रॉलीचे टायर वळणावर घासतात, हे टाळता येईल का?

पूर्णपणे नाही. दोन स्थिर एक्सल असलेली ट्रॉली वळवली की चाके आडवी ओढली जाणारच. कारखान्याच्या यार्डात आणि शेताच्या तोंडाशी जागेवर वळवण्याऐवजी मोठा फेरा घ्यावा. हंगामभरात कडांच्या झिजेत याचा फरक दिसतो.

टायरवर ठरावीक अंतराने खड्डे पडल्यासारखी झीज आहे. हवा आणि एक्सल दोन्ही ठीक आहेत.

मग चाक सैल आहे, चाक उसळते आहे किंवा डिस्क वाकडी आहे. रिकामी ट्रॉली मजबूत घोडीवर उचलावी, बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, आणि दगडांच्या थरावर ट्रॉली ठेवून तिच्याखाली कोणीही जाऊ नये. चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवावे. स्पष्ट हालचाल जाणवली, तर हबचे बेअरिंग सैल किंवा झिजलेले आहे. चाक फिरवून आवाज ऐकावा आणि डिस्कची कड डोलते का ते पाहावे.

पंचगंगा, वारणा, भोगावती, दूधगंगा आणि कृष्णा यांच्या काठच्या गावांसाठी येथे वेगळी सूचना आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत असंख्य ट्रॉल्या हबच्या वर पाण्यात उभ्या होत्या. पाणी हबमध्ये शिरले की ग्रीस खराब होते आणि बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे ठिपके पडतात. वरून नवे ग्रीस भरल्याने ते ठिपके जात नाहीत. पुरात बुडालेल्या ट्रॉलीचे हब उघडून, धुऊन, बेअरिंग व ऑइल सील पाहूनच ती पुन्हा जोडावी. बेअरिंग बसवताना चाक फिरवत नट आवळावा, मग थोडा सैल सोडून स्प्लिट पिन घालावी. पिन जुनी वापरू नये.

डाव्या बाजूचेच टायर लवकर का जातात?

आपला रस्ता मध्यावर उंच आणि कडेला उतरता असतो. ट्रॉली डाव्या बाजूने चालते, त्यामुळे तिचा भार थोडा डावीकडे झुकतो, आणि समोरून वाहन आले की डावी चाकेच साइडपट्टीवर, खडीत उतरतात. यात भरणीचा दोष मिसळला, तर झीज आणखी वाढते: उसाच्या मोळ्या एका बाजूने जास्त रचल्या जातात आणि उंच रचलेला भार कलला की त्या बाजूच्या टायरवर मोठे वजन येते.

अंदाज करण्याऐवजी वजन करून घ्यावे. ज्या खासगी काट्याच्या बाजूची जमीन प्लॅटफॉर्मच्या पातळीत आहे, तेथे ट्रॉलीची फक्त डावी चाके काट्यावर घेऊन एक वजन आणि फक्त उजवी चाके घेऊन दुसरे वजन करता येते. पुढच्या आणि मागच्या एक्सलचे वजन तर कोणत्याही काट्यावर वेगवेगळे करता येते. मिळालेला आकडा दोन टायरच्या बाजूवर छापलेल्या भाराशी आणि आरसीवरील मंजूर वजनाशी ताडून पाहावा. माझ्या मते एका ट्रॉलीवर हंगामात एकदा तरी हे वजन झालेच पाहिजे, कारण त्याशिवाय टायर, एक्सल आणि पाटे यांच्याबद्दलची सगळी चर्चा अंदाजावर उभी राहते.

उसाच्या बुडख्यांनी टायर कापतो. तीही असमान झीजच का?

नाही. तोडलेल्या उसाचे धारदार बुडखे नक्षीचे तुकडे काढतात आणि बाजूला चिरा पाडतात. ही इजा आहे. तिच्यात पद्धतशीर पट्टा नसतो. बाजूच्या चिरेत आतला धागा दिसत असेल, तर तो टायर भरलेल्या ट्रॉलीला वापरू नये.

रिमोल्ड टायर चालतील का? एका एक्सलवर वेगळे टायर लावले तर?

चांगल्या सांगाड्यावर नीट केलेले रिमोल्ड चालते. मात्र एकाच जागी फुगवटा किंवा गोल डाग पडल्यासारखी झीज दिसली, तर चढवलेले रबर सुटू लागले आहे असे समजून टायर लगेच उतरवावा. एका एक्सलवर एक नायलॉन आणि एक रेडियल, किंवा एक नवा आणि एक गोटा टायर, ही जोडी लावू नये.

टायरची अदलाबदल केली तर झीज थांबेल का?

झीज थांबत नाही, ती दुसऱ्या टायरवर जाते. दोष काढल्यानंतर उरलेले रबर पुरेपूर वापरण्यासाठी अदलाबदल उपयोगी आहे. एका कडेने झिजलेला, दिशेचा बाण नसलेला टायर डिस्कवर उलटा चढवल्यास चांगली कड कामाला येते. दोष तसाच ठेवून अदलाबदल केली, तर चारही टायर सारखे खराब होतात आणि निदान करण्यासाठी लागणारा पुरावाही पुसला जातो. म्हणून टायर काढण्याआधी त्याची जागा, पुढची दिशा आणि झिजलेली कड यांची खडूने नोंद करून मोबाइलवर छायाचित्र घ्यावे.

वाकलेला एक्सल गॅसने तापवून सरळ करून मिळतो. तो करावा का?

मी तो सल्ला देणार नाही. लाल होईपर्यंत तापवलेल्या जागी पोलादाची मूळ ताकद राहील याची खात्री नसते, आणि पुढच्या हंगामात एक्सल त्याच जागी पुन्हा वाकतो. एक्सलच्या टोकाजवळ वेल्डिंग केले असेल, तर तेथून तडा जाण्याचा धोका असतो, आणि भरलेल्या ट्रॉलीचे चाक रस्त्यात निखळणे म्हणजे मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवाशी खेळ आहे. थोडा वाक असेल, तर थंड स्थितीत प्रेसवर सरळ करून तडा तपासून घ्यावा. जास्त असेल, तर एक्सल बदलावा. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे लेथ, प्रेस आणि फॅब्रिकेशनची कामे होतात, त्यामुळे योग्य काम करून घेणे आपल्याला अवघड नाही. कामाला जाताना आपली मापे लिहून न्यावीत आणि काम झाल्यावर तीच मापे कारागिरासमोर पुन्हा घ्यावीत.

एक्सल कमी ताकदीचा ठरला असेल, तर जाड एक्सल टाकणे हा एकच मार्ग नाही. आरसीवर मंजूर असलेल्या वजनापेक्षा भार जास्त असेल, तर आधी भार कमी करावा.

जीपमागे ओढल्या जाणाऱ्या, प्रवासात मुक्कामासाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रेलरला हीच पद्धत लागू पडते का?

होय. मोजमाप तेच आणि तर्कही तोच. अशा ट्रेलरमध्ये दोन जवळचे स्थिर एक्सल असतील, तर त्यांच्या समांतरपणाला जास्त महत्त्व आहे. सामान, पाण्याची टाकी आणि स्वयंपाकाचा ओटा एकाच बाजूला असल्यास डावे-उजवे वजन आवर्जून करावे. रबर टॉर्शन एक्सल असेल, तर त्यात पाटे नसतात आणि कल दुरुस्त करण्याची सोयही सहसा नसते; तो बदलावाच लागतो.

हंगाम संपल्यावर टायरची काय काळजी घ्यावी?

ट्रॉली पूर्ण रिकामी करून चेसीखाली घोड्या लावाव्यात, म्हणजे पावसाळाभर टायरच्या एकाच जागेवर भार राहणार नाही. टायरवर थेट ऊन पडू देऊ नये. बाजूवरील चार आकड्यांचा उत्पादन क्रमांक पाहून ठेवावा. ३५२२ असे असेल, तर तो टायर २०२२ सालच्या ३५ व्या आठवड्यात तयार झाला आहे. नक्षी शिल्लक असली तरी बाजूला बारीक भेगा पडलेला जुना टायर पुढच्या हंगामात भरलेल्या ट्रॉलीला लावू नये. दसऱ्यापूर्वी हब उघडून ग्रीस बदलावे, यू-बोल्ट आवळावेत, आणि पहिली खेप भरली की ओळंबा व टेप घेऊन कल आणि टो यांची मापे घेऊन वहीत नोंदवावीत, म्हणजे जानेवारीत तीच मापे पुन्हा घेतल्यावर एक्सल किती बदलला हे कळेल.